बेळगावात बसून गेम बनवायचाय? आधी उद्यमबागेचा हिशेब शिका

आमच्या शहापुरात कोणी भेटलं आणि विचारलं, "काय करालास रे सध्या?", तर मी सांगतो, "गेम बनवतो." पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे रमीचं अ‍ॅप काय?"

तेव्हा हे पहिल्यांदाच मोकळं करतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद केले. आपला धंदा तो नव्हे. एकदाच किंमत घेऊन गेम विकणं त्या कायद्यात अडकत नाही. अडकतं ते पैज लावणं. घरात वडीलधाऱ्यांना समजावताना हा फरक उपयोगी पडतो, म्हणून आधी सांगितला.

गेल्या काही महिन्यांत निपाणी, खानापूर, येळ्ळूरकडच्या पोरापोरींचे मेसेज वाढलेत. सगळ्यांचा सूर एकच: "दादा, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

बाजार सध्या कसा आहे

खोटी आशा लावत नाही. कोरोनाच्या काळात लोक घरी बसले, गेमवर पैसे खर्च झाले, गुंतवणूकदार धावत आले. मग लोक घराबाहेर पडले, व्याजदर वाढले आणि २०२३-२४ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली. एकट्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातल्या १,९०० जणांना घरी पाठवलं. त्याचा धक्का आपल्यापर्यंत येतो तो असा: परदेशी स्टुडिओ बंगळूर, पुणे, हैदराबादला जे काम देत होते ते आटलं, आणि दहा वर्षांचा अनुभव असलेली माणसं फ्रीलान्सच्या बाजारात तुमच्याच रांगेत येऊन उभी राहिली.

दुसरीकडे दुकानात माल मावेना झालाय. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे रोजचे पन्नास.

तरी त्याच वर्षी फेब्रुवारीत 'बलाट्रो' आला. एका माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम, आणि वर्षभरात ५० लाख प्रती खपल्या. असली उदाहरणं मी सांगतो, पण जपून. गल्लीतल्या एकाला लॉटरी लागली म्हणून सगळ्यांनी नोकरी सोडायची नसते.

पायरी पहिली: जॉब वर्क की स्वतःचा माल, हे ठरवा

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, कुणाच्या तरी शेडमध्ये तासभर उभे राहिलात तर गेमचा धंदा कळेल. बहुतेक शेडमध्ये दुसऱ्याचं ड्रॉइंग येतं, कच्चा माल येतो, लेथवर पार्ट निघतो आणि नगावर पैसे मिळतात. हे जॉब वर्क. एखादाच शेडवाला स्वतःचा पंप किंवा हायड्रॉलिकचा माल बनवून त्यावर स्वतःचं नाव टाकतो. त्यातले शहाणे आधी दहा वर्षं जॉब वर्क करून मशीन फेडतात, आणि स्वतःच्या मालाचं काम रात्रपाळीला करतात.

गेममध्ये हुबेहूब तेच. दुसऱ्या स्टुडिओसाठी मॉडेल बनवणं, अ‍ॅनिमेशन, टेस्टिंग, एका मशीनवरचा गेम दुसऱ्यावर नेणं हे आपलं जॉब वर्क. नाव त्यांचं, पैसा महिन्याचा. स्वतःचा गेम म्हणजे स्वतःचा माल.

आता स्वतःच्या मालाचा हिशेब मांडू. गेमची किंमत ५ डॉलर आणि हजार प्रती खपल्या असं धरा. सेलमधली सूट, गरीब देशांतली कमी किंमत, परतावे आणि तिकडचे कर जाऊन प्रतीमागे सरासरी ३ डॉलर उरले, तर ३,००० डॉलर. त्यातले ३० टक्के स्टीमचे, उरले २,१००. यातला तिसरा हिस्सा अमेरिकेतल्या विक्रीचा असेल, तर त्या ७०० वर १५ टक्के तिथला कर कापला जातो, म्हणजे १०५ डॉलर गेले. हातात साधारण १,९९५. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १ लाख ७० हजार. वर्षभर काम केलं असेल तर महिन्याला १४ हजार.

आणि हजार प्रती हा आकडा बहुतेकांना गाठता येत नाही.

बंगळुरात एवढे पैसे घरभाड्यातच संपतात. इथे घर स्वतःचं, जेवण आईच्या हातचं, त्यामुळे तोच आकडा जगू देतो. बेळगावात बसून गेम बनवण्याचा खरा फायदा एवढाच, आणि तो लहान नाही. ज्याचा महिन्याचा खर्च कमी, तो दुसरा गेम बनवेपर्यंत टिकतो. पहिल्या गेमवर सहसा कुणाचं भागत नाही. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत टिकणाऱ्याला संधी असते. म्हणून नोकरी किंवा जॉब वर्क सोडू नका. शिकत असाल तर डिग्री सोडू नका.

पायरी दुसरी: इंजिन निवडा आणि मग वाद घालू नका

इंजिन म्हणजे गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर. नवखे सहा महिने इंजिनांची तुलना करण्यात घालवतात. माझं मत सरळ आहे: नोकरी किंवा जॉब वर्क हवं असेल तर युनिटी शिका, कारण आपल्याकडचं बरंचसं काम त्यात चालतं. स्वतःचा लहान गेम हवा असेल तर गोडो घ्या. अनरिअल उत्तम आहे, पण त्याला तगडा पीसी लागतो. तो असेल तर तुम्हाला माझा सल्ला नको.

गोडो फुकट आहे आणि मुक्त परवान्याचं आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वापरावा, बदलावा. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवलं आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. डाउनलोड दीडशे एमबीच्या आत, इन्स्टॉलही करावं लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर चालतं. 'ब्रोटाटो' आणि 'डोम कीपर' हे चांगले खपलेले गेम त्यातच बनले.

'फुकट'पेक्षा 'मुक्त' का महत्त्वाचं, ते सप्टेंबर २०२३ मध्ये कळलं. युनिटीने अचानक जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपलीकडे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितके पैसे द्यायचे. जगभर बोंब झाली, आणि वर्षभराने कंपनीने तो निर्णय मागे घेतला. आज युनिटीची साधी आवृत्ती २ लाख डॉलर उत्पन्नापर्यंत फुकट आहे. पण मशीन भाड्याचं असलं की मालक कधीही भाडं वाढवू शकतो, हे त्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं.

पायरी तिसरी: एका महिन्यात संपेल एवढाच गेम

सगळ्यात जास्त पोरं इथेच घसरतात. पहिलाच गेम म्हणून शिवकालीन, ओपन वर्ल्ड, ऑनलाइन मल्टिप्लेअर. राजहंसगडापासून रायगडापर्यंतचा नकाशा. दोन वर्षांनी विचारलं तर घोडा तयार झालेला असतो, स्वार व्हायचा असतो.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा गेम २०२० मध्ये बाहेर काढला. छोटी टीम होती, पण अनुभवी होती. तरी त्यांची किकस्टार्टरवरची वर्गणी आधी फसली होती, आणि गेम पूर्ण व्हायला वर्षं गेली. त्यांना एवढं जड गेलं, तर आपण पहिल्याच घासाला लाडू तोंडात कोंबू नये.

माझा पहिला पूर्ण झालेला गेम सांगतो. आपल्याकडच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आठवा. अरुंद गल्ली, ट्रॉलीवर उंच देखावा, आणि वर विजेच्या व केबलच्या वायरी. पुढे एक माणूस लांब बांबू घेऊन चालतो, वायर वर उचलतो, ट्रॉली खालून सरकते. बस, एवढाच गेम. एक बटण दाबलं की वायर उचलायची. वेळ चुकली की देखाव्यातल्या बुरुजाचं टोक तुटतं. अडीच आठवड्यांत झाला. इच डॉट आयओ या लहान गेमच्या साइटवर फुकट ठेवला. ब्राझीलच्या कुणीतरी लिहिलं, "ही मिरवणूक कशाची ते कळलं नाही, पण तो बांबूवाला मीच आहे असं वाटलं."

इथली गोष्ट बाहेर नेताना महाराजांचं चित्र किंवा किल्ल्याचा फोटो लावून गेम 'आपला' होत नाही. हाताने करायची एखादी कृती उचला. वडगावच्या मागावरचा धोटा, ताणा भरताना तुटलेला धागा जोडणं, कुंदा आटवताना तो करपू न देता ढवळत राहणं. खेळाडूच्या बोटांना ते समजलं की भाषेची अडचण अर्धी संपते.

असे लहान गेम बनवायची सवय लागावी म्हणून गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत गेम बनवायच्या उपक्रमात, उतरा. ग्लोबल गेम जॅम दर वर्षी जानेवारीच्या आसपास असतो, लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, आणि इच डॉट आयओवर तर दर आठवड्याला काही ना काही असतं. ४८ तासांत काहीतरी संपवायचं. वाईट झालं तरी संपवायचं.

चित्रं काढता येत नसतील तर केनी या साइटवरचे फुकट असेट, म्हणजे तयार चित्रं, वापरा. ते विकायच्या गेममध्येही चालतात. थ्रीडीला ब्लेंडर, चित्राला क्रिटा, आवाजाला ऑडॅसिटी, सगळं फुकट. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरून आवाज घेताना परवाना वाचा: 'बिगर-व्यावसायिक' लिहिलं असेल तर विकायच्या गेममध्ये चालत नाही. यूट्यूबवरचा पोवाडा उचलून टाकू नका. ढोल-ताशाचं पथक तुमच्याच गल्लीत आहे, मोबाइल घेऊन जा, विचारून रेकॉर्ड करा, आणि लेखी परवानगी घ्या. वहीच्या कागदावर सही चालेल.

एक रडगाणं, माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचं. जुलैचा पाऊस, वीज येऊन-जाऊन, आणि माझं सगळं काम एका हार्डडिस्कवर. तिसऱ्यांदा वीज गेली तेव्हा डिस्कही गेली. चार महिन्यांचं काम. त्या दिवसापासून कामाची प्रत्येक आवृत्ती जपणारं गिट वापरतो आणि रोज रात्री सगळं गिटहब या साइटवर चढवतो. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल तिथे साध्या पद्धतीने चढत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्या, गेमिंग माऊस नंतर.

पायरी चौथी: मराठी अक्षरं फुटू देऊ नका

हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही, म्हणून जरा थांबतो.

बऱ्याच इंजिनांत देवनागरी टाइप केली की 'किल्ला'ची पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि 'ल्ल'चे दोन तुकडे होतात. युनिटीत मजकूर दाखवायला सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो जोडाक्षरं स्वतःहून नीट जोडत नाही. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीतही हीच बोंब होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट दिसतात. माझ्या गोडोप्रेमाचं निम्मं कारण हे आहे.

फॉन्ट घेताना मुक्त परवान्याचा घ्या. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे चालतील; बालूचं कन्नड भावंड 'बालू तम्मा' आहे, दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या तर एका घरातल्या दिसतात. मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. फॉन्टमध्ये ते असेल तर मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्यावर दिसतं. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण हिंदी वळणाचा 'ल' दिसला की काहीतरी परकं वाटतं.

मजकूर कोडमध्ये थेट लिहू नका. पहिल्या दिवसापासून वेगळ्या तक्त्यात ठेवा: एक रकाना इंग्रजी, एक मराठी, एक कन्नड. आपल्याला दोन भाषा घरी-दारी मिळाल्यात. शेजारच्या कन्नड मित्राला एक कुंद्याचा डबा दिला की भाषांतर तपासून होतं. पण इंग्रजी सोडू नका. गिऱ्हाईक तिकडे जास्त आहे.

पायरी पाचवी: दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

मित्राला गेम द्या, मागे उभे राहा, तोंडातून शब्द काढू नका. तो जिथे अडकेल तिथे चूक तुमची. "अरे ते बटण दाब की" असं सांगायची उबळ येईल, जीभ चावा. पाच जण पुरेत. त्यातला एक असा हवा, जो गेम खेळतच नाही. माझी काकी हे काम उत्तम करते. तिला कंटाळा आला की ती सरळ उठून जाते.

अँड्रॉइडसाठी बनवत असाल तर ही पायरी सक्तीचीच आहे. गुगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. पण नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा २० होता. इंटरनेटवर लोक यासाठी पैसे देऊन माणसं आणतात. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. पंधरा-सोळा जण घ्या, कारण दोघे-तिघे मधेच बाहेर पडतात.

मोबाइलबद्दल माझं मत थोडं कडू आहे. फुकट गेम, जाहिरातींवर कमाई, हा खेळ मोठ्या जाहिरात-बजेटवाल्यांचा झालाय. शिकायला ठीक. पैसा मिळवायचा तर एकट्याने पीसीकडे वळावं.

पायरी सहावी: कागदपत्रं, गेम तयार होण्याआधी

स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. गेमने १,००० डॉलरची विक्री गाठली की ते परत मिळतात. भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करा. नवी कार्डं त्यासाठी बंदच येतात.

मग नावाची गोष्ट. खातं, पॅन आणि बँक, तिन्हीकडे नाव अक्षरशः एकच लागतं. माझ्या दहावीच्या मार्क्सकार्डावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर शेवटी, पॅनवर पूर्ण नाव मध्ये, आणि पासबुकात आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. ते जुळवण्यात माझा दीड महिना गेला. सीमाभागातल्या पोरांनी हे काम आजच काढावं.

अमेरिकेच्या करासाठी डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. त्यात भारताशी असलेला करार नोंदवून पॅन दिला की अमेरिकी विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात. ते कापलेले पैसे इथल्या विवरणपत्रात दाखवून सवलत मागता येते, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. जीएसटीचं आणि निर्यातीचं काय, ते सीएला एकदा बसून विचारा. गाळेवाल्यांचे हिशेब करणाऱ्या सीएला सॉफ्टवेअर निर्यात नवी नाही. फक्त 'गेम' म्हटल्यावर त्यांनाही रमीच आठवते.

सरकारी मदतीबद्दल दोन ओळी. आपण बोलीने तिकडचे असलो तरी पत्त्याने इकडचे, त्यामुळे नोंदणी बेळगावात असेल तर कर्नाटकाचं धोरण पाहायचं. अ‍ॅनिमेशन-गेमसाठी कर्नाटकाचं २०२४ ते २०२९ चं धोरण आहे, आणि 'बियाँड बंगळूर' मोहिमेत हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक गट धरलाय. अनुदान मिळेल असं गृहीत धरून मात्र गेम सुरू करू नका. मिळालं तर दिवाळी.

पायरी सातवी: दुकानाची पाटी लवकर लावा

स्टीमची फी भरल्यापासून ३० दिवस गेम विक्रीला काढता येत नाही. 'लवकरच येत आहे' असं पान निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं, आणि पान व गेम दोन्ही स्टीमची माणसं तपासतात, त्यात काही दिवस जातात. हे झाले नियम. माझा सल्ला सहा महिने आधीचा. त्या काळात लोक गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे 'नंतर घ्यायचं' यादीत, टाकतात, आणि विक्रीच्या दिवशी त्यांना ईमेल जातो. पान नसेल तर तुमच्या रीलला लाखभर लोकांनी पाहिलं तरी त्यांना पाठवायचं कुठे?

पानावर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लहान चौकटीतलं चित्र. गणपत गल्लीत दिवाळीच्या गर्दीत चालताना दुकानाची पाटी किती वेळ दिसते, तेवढाच वेळ ते दिसतं. पैसे खर्च करायचेच तर एका चांगल्या चित्रकाराला इथे द्या. ट्रेलरमध्ये पहिल्या पाच सेकंदांत खेळ दाखवा. तुमच्या स्टुडिओचा फिरता लोगो कुणाला पाहायचा नाही.

स्टीम नेक्स्ट फेस्ट वर्षातून तीनदा होतो, त्यात डेमो ठेवता येतो. एका गेमला एकदाच संधी मिळते, म्हणून घाईने वाया घालवू नका. विक्रीच्या अगदी आधीचा फेस्ट धरा.

किंमत ठरवताना लाजू नका, आणि हावही नको. रुपयातली किंमत डॉलरच्या थेट गुणाकाराने लावू नका. स्टीम प्रत्येक देशासाठी सुचवतं ती कमी असते, ती घ्या. खेळाडूला १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. त्यामुळे लहान गेम बनवणारे घाबरतात. पण 'बकशॉट रूले' हा वीसेक मिनिटांत संपणारा गेम ३ डॉलरला भरपूर खपला. किंमत वाजवी असली की लोक परत मागत बसत नाहीत.

विक्री सुरू झाली की पहिली दहा परीक्षणं गोळा होईपर्यंत गेमपुढे गुणांकन दिसत नाही. नातेवाइकांना खोटी परीक्षणं लिहायला लावू नका, स्टीम ते पकडतं. खऱ्या खेळणाऱ्यांनी बग सांगितला तर त्याच रात्री दुरुस्त करा आणि उत्तर लिहा. पहिल्या आठवड्यात झोप कमी होते, त्या आठवड्यात घरचं लग्न धरू नका.

इच डॉट आयओवर किती टक्के त्यांना द्यायचे हे तुम्हीच ठरवता, पण गिऱ्हाईक कमी. एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान वर्षाला पहिल्या १० लाख डॉलरवर काहीच घेत नाही, तरी पहिल्या गेमला एकच दुकान नीट सांभाळा.

आणि पैसे आले की

स्टीम महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस पाठवतं, आणि १०० डॉलर साठल्याशिवाय पाठवत नाही. परदेशातून पैसे येण्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड द्यावा लागतो. तुमच्या शाखेला तो नसेल तर परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेचा घ्यावा लागतो. पहिल्या वेळी बँकेतून फोन येईल: "अमेरिकेतून पैसे आलेत, कशाचे?" सॉफ्टवेअरच्या विक्रीचे, असं सांगा, आणि स्टीमचं मासिक विवरण छापून घेऊन जा. 'गेम' हा शब्द काउंटरवर उच्चारलात, तर रमीपासून परत सुरुवात करावी लागेल.